इंजिनाला वारा

मुलगी: नाही, मी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तुम्ही खरंच पुठ्ठ्याने इंजिनाला वारा घालताय.

वडील: मग काय झालं?

मुलगी: काही नाही. बाहेर नळाला बर्फ लटकलाय, माझे दात वाजताहेत, आणि माझे वडील बॉनेट उघडून डिझेल गाडीला वारा घालताहेत. रोजचंच दृश्य.

वडील: तू आत जा. पायात मोजे नाहीत तुझ्या.

मुलगी: विषय बदलू नका.

वडील: मोजे घालून ये, मग नाही बदलत.

मुलगी: मोजे आहेत. तुम्हाला दिसत नाहीत, कारण तुम्ही चष्मा लावलेला नाही.

वडील: वारा घालायला चष्मा कशाला लागतो?

मुलगी: म्हणजे वारा घालताय हे कबूल.

वडील: झालं. उठल्या उठल्या वकीलबाईंनी कोर्ट भरवलं. चहा तरी घेतलास का?

मुलगी: दोन कप आणलेत. हा तुमचा. तो पुठ्ठा ठेवा खाली आणि कप धरा. हां, आता सांगा.

वडील: सांगायचं काय त्यात? त्या मधवाल्या बाई यायच्यात ना सकाळी गाडी पाहायला. फोनवर काय म्हणाल्या त्या? ‘गाडी थंड ठेवा, मी स्वतः सुरू करून पाहीन.’ तूच ऐकवलंस मला स्पीकरवर. तर मी थंड ठेवतोय. गिऱ्हाइकाचा शब्द राखतोय.

मुलगी: रात्रभर उघड्या शेडमध्ये उभी असलेली गाडी आपोआप थंडच असते, बाबा.

वडील: थोडी कसर राहते.

मुलगी: कसर. इंजिनाला हात लावून बघू?

वडील: कशाला उगाच? हात काळे होतील.

मुलगी: गरम आहे.

वडील: कोमट.

मुलगी: म्हणजे तुम्ही मघाशी सुरू केली होती.

वडील: जराशी. तब्येत पाहायला. काल त्या भाजीच्या व्यापाऱ्याने किल्ली फिरवून फिरवून तिचे काय हाल केले, तू होतीस ना समोर? बॅटरी रडकुंडीला आली पार. म्हटलं, बघावं तरी जीव आहे का.

मुलगी: आणि ती एका दमात सुरू झाली.

वडील: तू जागी होतीस?

मुलगी: आवाजानेच जाग आली. एकदा घुर्र झालं आणि लागली. अंथरुणात पडल्या पडल्या मी विचार करत बसले. तीच गाडी, तीच थंडी, तीच किल्ली. काल तो माणूस या गारठ्यात घामाघूम झाला तरी ती हूं की चूं करेना. परवाच्या तंबूवाल्याच्या हाताखालीही नाही. त्याच्या आधी तो विटांच्या भट्टीचा मालक आला होता, तोही हात हलवत परत गेला. आणि आज पहाटे तुम्ही नुसता हात लावला तर लागली.

वडील: हल्लीच्या लोकांना धीर नसतो.

मुलगी: तिघांनाही?

वडील: त्या भट्टीवाल्याला तर मुळीच नव्हता. दार आपटून बसला आत. अशाने कोण बोलेल त्याच्याशी?

मुलगी: बरं. कालचा माणूस जाताना काय म्हणाला, आठवतं?

वडील: नाही.

मुलगी: मला आठवतं. म्हणाला, ही गाडी नाही, भंगार आहे. फुकट दिलीत तरी ओढून न्यायला कुणी कबूल व्हायचं नाही.

वडील: म्हणाला असेल.

मुलगी: आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात. वर त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलात.

वडील: पाहुणा होता तो.

मुलगी: मामा पाहुणा नव्हता? मामा एकदा फक्त एवढंच म्हणाला होता की हिचा हॉर्न शेळीसारखा वाजतो. पुढे कितीतरी महिने तुम्ही त्याच्याशी आईमार्फत बोलत होतात. एकाच खोलीत बसून.

वडील: शेळीसारखा नाही वाजत.

मुलगी: तेच म्हणतेय मी. तुम्हाला शेळी सहन झाली नाही आणि भंगार सहन झालं? कालच माझ्या मनात पाल चुकचुकली होती.

वडील: संशयी आहेस. आईवर गेलीस.

मुलगी: बाबा, तुम्ही त्यांना ते सांगतच नाही, हो ना?

वडील: काय सांगत नाही?

मुलगी: टक्.

वडील: चहात साखर कमी घातलीस आज.

मुलगी: साखर तेवढीच आहे. सांगा ना, मी डॅशबोर्डला कान लावून बसायचे की नाही? किल्ली अर्धी फिरवली की तो पिवळा दिवा लागतो. तो विझला की सगळ्या जगाला वाटतं, झालं, आता सुरू करा. पण हिचा दिवा खोटारडा. घाईघाईने विझतो. खरं तापलं की आत कुठेतरी टक् वाजतं. ते वाजलं की किल्ली मागे घ्यायची, परत पुढे, परत टक् ऐकायचं, आणि मग क्लच पार जमिनीला टेकवून फिरवायची. ‘वाजलं’ असं ओरडायचं काम माझं होतं. त्या कामासाठी तुम्ही मला थंडीत पांघरुणातून उचलून आणायचात. तेव्हा तर मला वाटायचं, मी ओरडते म्हणूनच इंजिन तापतं.

वडील: इंजिन नाही तापत त्याने. हीटर प्लग तापतात. इंजिन मग आपल्या चालीने तापतं.

मुलगी: साक्षीदाराने स्वतःहून माहिती पुरवली, याची नोंद घ्यावी.

वडील: आता तर मला दिवा नीट दिसत नाही आणि टक् ऐकूच येत नाही. डॅशबोर्डवर तळवा ठेवतो. हाताला कळतं.

मुलगी: आणि हे त्या तिघांना सांगितलं नाहीत.

वडील: त्यांनी विचारलं नाही.

मुलगी: काय विचारायला हवं होतं त्यांनी? ‘आपल्या गाडीला गुदगुल्या कुठे होतात’ असं?

वडील: जाणकार माणूस विचारतो. हिला काही सवय आहे का, असं विचारतो. म्हाताऱ्या गाडीला सवयी असतात.

मुलगी: म्हाताऱ्या गाडीला. बरं. बाबा, थट्टा पुरे झाली. गाडी विकली की तुझ्याकडे राहायला येतो, हे तुम्ही म्हणाला होतात. मी तुमच्या तोंडी घातले नव्हते हे शब्द.

वडील: मीच म्हणालो.

मुलगी: मी खोली रिकामी केली. माझी सगळी पुस्तकं बैठकीत आणून रचलीत, तिथे आता पाहुणे आले तर उभे राहतात. नवीन पडदे शिवून लावले.

वडील: कुठल्या रंगाचे?

मुलगी: बाबा.

वडील: नुसतं विचारलं.

मुलगी: निळे. यायचं नव्हतं तर सांगायचं होतं तसं. लोकांना थंडीत बोलावून, किल्ली हातात देऊन, स्वतः हात मागे बांधून उभं राहायचं, हे काय चाललंय?

वडील: यायचं नाही असं नाही गं.

मुलगी: मग कसं आहे?

वडील: असं नाही, एवढंच.

मुलगी: गेल्या हिवाळ्यात तुम्ही तापाने पडून होतात, ते मला कोणी सांगितलं? औषधाच्या दुकानदाराने. तेव्हापासून तुमचा फोन यायला जरा उशीर झाला की मी त्या दुकानदारालाच फोन लावते. समोर न्यायाधीश बोलत असतात आणि मी टेबलाखाली फोन बघत असते. एकदा त्यांनी हटकलंसुद्धा. मला भीती वाटते बाबा, बस्स, इतकं साधं आहे ते.

वडील: फाटक वाजलं वाटतं.

मुलगी: वाजलं, वाजलं. सुटलात.

मधवाली: आहे का कोणी? मी काल फोन केला होता. मधमाश्यांच्या पेट्या ठेवते ती. जरा लवकरच आले, बस आधी मिळाली.

मुलगी: या ना, या. हे माझे वडील. गाडी यांची.

मधवाली: नमस्कार काका. अहो, किती नीटनेटकी शेड आहे ही. आणि हीच का ती? बघू हं. मी आधी हात लावते, राग मानू नका, माझी सवय आहे. हे काय, कोमट लागतेय.

मुलगी: बोला, बाबा.

वडील: पहाटे जराशी लावली होती.

मधवाली: मी थंड ठेवा म्हटलं होतं ना पण?

मुलगी: थंड करायचे प्रयत्न चालू होते. हा पुठ्ठा पाहा.

मधवाली: कसला पुठ्ठा?

वडील: तिच्याकडे लक्ष देऊ नका. वकील आहे. असं करा ना, तुम्ही उद्या या. किंवा पुढच्या आठवड्यात, थंडी जरा ओसरली की.

मधवाली: थंडी ओसरल्यावर गाडी बघून काय करू, काका? आणि उद्या तुम्ही परत पहाटे लावाल. त्यापेक्षा मी थांबते ना इथे. बॉनेट उघडंच आहे, वाराही आहे, होईल गार. मला घाई नाही. माझ्या माश्या सध्या थंडीने एकमेकींना चिकटून गोळा होऊन बसल्यात, त्यांना माझी आठवणही नाही.

मुलगी: या बाई मला आवडल्या. बसा हो त्या लाकडावर. चहा आणते तुमच्यासाठी, तुमचं बोलणं मला स्वयंपाकघरात ऐकू येतं, चालू ठेवा.

मधवाली: तुम्ही सुतार का, काका? हे रंधे, या पटाश्या.

वडील: होतो. दारं आणि खिडक्या करायचो. या गाडीतून पोचवायचो. आता डोळ्यांनी रेघ सरळ दिसत नाही, मग दार कसं सरळ करणार? आणि गाडी तरी कशी चालवणार? अंगणातल्या अंगणात फिरवतो.

मधवाली: मग माझ्या पेट्या दाखवायला हव्यात तुम्हाला. ज्याने केल्या त्याने कोपऱ्यांना नुसते खिळे ठोकलेत. दोन मोसम झाले नाहीत तर फटी पडल्या.

वडील: खिळे? पेटीला? ओझं उचलायचं आणि सांधा खिळ्याचा? कोण आहे हा शहाणा?

मधवाली: आहे एक. तुमच्यासारखा नाही.

वडील: फटीतून गारवा जात असेल आत.

मधवाली: जातोच. मी मेणाने बुजवते.

वडील: बरं, एक विचारू? थंड गाडीचाच एवढा हट्ट का? लोक गाडी घेताना टायर बघतात, रंग बघतात.

मधवाली: सांगते ना. फुलं जिथे असतील तिथे पेट्या न्याव्या लागतात. आज इथे, पुढच्या महिन्यात डोंगरापलीकडे. पण न्यायच्या कधी, तर उजाडायच्या आधी. तेव्हा सगळ्या माश्या पेटीत असतात. दार बंद केलं, पेट्या चढवल्या, की लगेच निघायचं. माश्या कोंडून फार वेळ ठेवता येत नाहीत. तर गेल्या मोसमात भाड्याची गाडी होती. पेट्या चढवल्या, दारं बंद, आणि गाडी काही केल्या लागेना. आम्ही ढकलली, धक्के दिले. दार उघडावं तर सगळ्या अंधारात बाहेर पडणार आणि हरवणार. उघडू नये तर आत त्यांची घालमेल. ऊन वर आलं तोवर माझी अक्कल चालेना. शेवटी उघडल्या पेट्या, तेव्हा काही पेट्यांत नुसता ढीग होता. हाताने ओंजळी भरभरून बाहेर काढला मी.

वडील: सगळ्या मेल्या?

मधवाली: सगळ्या नाही. पण ज्या गेल्या त्या माझ्यामुळे गेल्या ना? म्हणून मी ठरवलं, आता गाडी आपली घ्यायची आणि थंडीत पहाटे लागते की नाही एवढंच बघायचं. गरम असताना काय, कुणाचीही लागते.

वडील: हं.

मधवाली: तुम्ही का विकताय पण? इतकी जपलेली दिसते. हिच्या तर आरशाचीही दांडी मूळची आहे.

वडील: मुलीकडे जायचंय राहायला. सहाव्या मजल्यावर.

मधवाली: अरे वा.

वडील: हो ना. लिफ्ट आहे. नळाला गरम पाणी येतं. तिने सगळं केलंय तयार.

मधवाली: मग तोंड असं का तुमचं, औषध प्यायल्यासारखं?

वडील: तुम्हाला म्हणून सांगतो. इथे पहाटे उठलो की मला काम असतं. शेड झाडायची, गाडीला सुरू करायची, ती गरम होईपर्यंत बाजूला उभं राहायचं. गेटावरून जाणारे दोघे-तिघे विचारतात, काय, लागली का? मी म्हणतो, लागली. झाला दिवस सुरू. तिथे उठून मी जाऊ कुठे? सोफ्यापर्यंत? मुलगी काळा कोट घालून निघून जाणार, मी पडद्यांकडे बघत बसणार. निळे आहेत म्हणे.

मुलगी: हे मला का नाही सांगितलंत?

वडील: आलीस तू. चहा फार लवकर झाला.

मुलगी: मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? या बाईंना भेटून अर्धा तास झाला नाही.

वडील: यांनी पडदे लावले नव्हते ना. तू इतक्या हौसेने केलंस. तुला कसं सांगू, की पोरी, मला तिथे रिकामं बसायची भीती वाटते?

मुलगी: असंच सांगायचं. आत्ता सांगितलंत तसं.

मधवाली: मी बाहेर जाऊन उभी राहू का जरा?

मुलगी: नको. तुमच्यामुळे तर तोंड उघडलं यांनी. हा घ्या चहा. गरम आहे तोवर प्या, गाडीला गार व्हायला अजून वेळ आहे.

(बऱ्याच वेळानंतर. चहाचे कप कधीच रिकामे झालेत, बॉनेट मिटलेलं आहे, मधवाली ड्रायव्हरच्या जागेवर बसली आहे.)

मधवाली: आता कशी दगडासारखी थंड लागतेय. बघू हं. दिवा लागला. विझला. फिरवते.

मुलगी: बाबा.

वडील: हं.

मुलगी: काही नाही.

मधवाली: नाही लागत. परत एकदा करते. दिवा विझला, फिरवली. छे. नुसतीच कण्हतेय. हात सुन्न पडला, थांबा. आणखी एकदाच, मग तिला त्रास देत नाही.

वडील: बसल्या जागी जरा पुढे सरकून बसलात तर...

मधवाली: सरकले तर लागेल?

वडील: नाही. पाठ दुखणार नाही.

मधवाली: नाहीच लागत, काका. राहू दे, बॅटरी कशाला उतरवायची. उतरते मी. आता खरं सांगू? वाईट वाटतंय. गाडी मनात भरली होती. खालचं लोखंड चांगलं आहे, कुठे गंज नाही, तुम्ही माणूस चांगले. भंगार वगैरे मी म्हणणार नाही, दुसऱ्या कुणाच्या कामाची असेल. पण मला पहाटेची गाडी हवी. मी परत तशी सकाळ बघू शकत नाही. येते मी. चहा छान होता.

मुलगी: मी फाटकापर्यंत येते तुमच्याबरोबर.

मधवाली: नको हो, थंडी आहे. पिशवी तेवढी घेते बाहेरची, आणि निघते.

वडील: तू गप्प का बसलीस?

मुलगी: मी? तुम्ही कुठे बोललात?

वडील: माझं सोड. तुला तर पाठ आहे सगळं. तोंडातून एक शब्द काढला असतास तर गाडी विकली गेली असती. मग तुझं काम झालं असतं. माझं सामान भरून मला घेऊन गेली असतीस.

मुलगी: हो.

वडील: मग?

मुलगी: तुम्हाला इथे राहायचंय ना? राहा. मला भीती वाटते हे खरं, पण ती माझी मी बघेन. माझ्या भीतीसाठी तुम्हाला सोफ्यावर नेऊन ठेवायचं, हे मला नाही जमणार. रोज सकाळी गाडी लागली की मला फोन करा, एवढं कबूल करा. ‘लागली’ एवढंच म्हणा.

वडील: आणि तुझ्या बैठकीत रचलेली पुस्तकं?

मुलगी: नेईन परत आत. पाहुण्यांना बसायला जागा होईल.

वडील: आणि त्या बाईंच्या माश्या?

मुलगी: मिळेल त्यांना दुसरी गाडी.

वडील: कुठली मिळेल? तशीच कुणाची तरी, गरम करून ठेवलेली. त्या तरी दर वेळी गाडी गार होईपर्यंत थांबतील का? ओंजळी भरभरून काढला म्हणाल्या गं ढीग. ऐकलंस ना तू?

मुलगी: ऐकलं.

वडील: मला वाटलं होतं, न सांगण्यात कुणाचं काय जातं? भट्टीवाल्याचं काही गेलं नाही, त्या भाजीवाल्याचंही नाही. सरक जरा, मला पुढे जाऊ दे. अहो बाई! थांबा. अहो मधवाल्या बाई, जाऊ नका!

मधवाली: काय झालं, काका? काही विसरले का मी?

वडील: तुम्ही नाही. मी सांगायचं विसरलो. म्हणजे, विसरलो नव्हतो. ते असू द्या. परत बसा आत. पुढे सरकून. हां. किल्ली अर्धी. दिवा लागला?

मधवाली: लागला. विझला. फिरवू?

वडील: नाही, नाही. तो विझला तरी थांबायचं. त्याचं ऐकायचं नाही, तो उतावळा आहे. उजवा हात इथे ठेवा, डॅशबोर्डवर. नुसती बोटं नाही, तळवा टेकवा. आता नुसतं थांबा.

मधवाली: किती वेळ?

वडील: ते तीच सांगेल.

मुलगी: वाजलं.

मधवाली: अगं बाई, हो. हाताला काहीतरी लागलं. मुंगी चावल्यासारखं.

वडील: तेच. किल्ली मागे. परत अर्धी पुढे. परत हात. घाई नको, तुम्ही माश्यांना धूर देता तेव्हा घाई करता का?

मधवाली: नाही हो. हं. वाजलं, मलाही ऐकू आलं आता.

वडील: क्लच पार खाली, जमिनीला टेकू दे. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. आता फिरवा.

मधवाली: लागली. काका, लागली की हो. एका दमात.

वडील: लागतेच ती. पण थांबा, लगेच पळवू नका. आणि उभ्या जागी घूं घूं करून रेसही करायची नाही, त्याने ती तापत नाही, नुसती चिडते. तुमच्या पेट्या चढवायच्या आधी हे करा, नंतर नाही. ती इथे धडधडत असू दे, तोवर तुम्ही पेट्यांची दारं बंद करा. काचेवरचा बर्फ आपण होऊन खाली घसरायला लागला की निघायचं, आणि पहिला चढ हळू घ्यायचा. बाकीची गरम ती चालता चालता होते.

मधवाली: हे आधी का नाही सांगितलं तुम्ही? तीनदा फिरवली मी, तुम्ही माझ्या पाठीचं बघत होतात.

मुलगी: माझ्या अशिलावर उत्तर द्यायची सक्ती नाही.

मधवाली: नसू दे. माझं डोकं तेवढं चालतं. निळे पडदे, होय ना?

वडील: तुम्हाला पाहिजे का नाही गाडी?

मधवाली: पाहिजे तर. आजच घेऊन जाते, तुमची हरकत नसेल तर. आणि काका, पेट्यांचे सांधे दाखवायला मी येणार हं. इथे असाल का तिथे, ते तुमचं तुम्ही ठरवा, मी कुठेही पेटी घेऊन येईन. सहाव्या मजल्यावरही येईन, रिकामी पेटी असेल म्हणा.

वडील: रिकामीच आणा. माझ्या मुलीला आधीच भीती वाटते.

मुलगी: मी एक स्पष्ट करते. गाडी विकली गेली म्हणून तुम्ही आलंच पाहिजे असं काही नाही, बाबा. ते वचन मी मोडीत काढलं. गाडी गेली तर गेली. शेड आहे, रंधे आहेत, गेटावरचे लोक आहेत.

वडील: ते काय विचारणार आता? काय, झाडलंत का?

मुलगी: विचारू देत.

मधवाली: काचेवरचा बर्फ हलायला लागलाय हो.

वडील: बसा अजून जरा. खालची कड सुटू दे.

मुलगी: काय विचार करताय?

वडील: तुझ्या त्या इमारतीत खाली गाड्या उभ्या असतात ना?

मुलगी: असतात. भरपूर.

वडील: उघड्यावर?

मुलगी: उघड्यावर.

वडील: मग थंडीत सकाळी लागतात का गं त्या, नीट?

मुलगी: नाही लागत. सहाव्या मजल्यापर्यंत ऐकू येतं. लोक कितीतरी वेळ नुसती किल्ली फिरवत बसतात.

वडील: असं कसं चालेल? कुणीतरी खाली जाऊन बघायला हवं.